टोपातला राजपुत्र

रॉबर्ट वॅग्नर तसा देखणा माणूस. पण १९५४ सालच्या ‘प्रिन्स व्हॅलियंट’मध्ये त्याच्या डोक्यावर असा काही काळाभोर टोप बसवला होता, की सेटवर आलेला डीन मार्टिन त्याला जेन वायमन ही नटी समजून बराच वेळ गप्पा मारत राहिला. वॅग्नरनंच हे आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, आणि हे ठाऊक असूनही सोसायटीच्या पोरांना अंगणात तो सिनेमा दाखवायचं ठरल्यावर मी वातावरणनिर्मितीसाठी नाटकाच्या ड्रेपरीवाल्याकडून तसाच टोप भाड्यानं आणला. आत बॉलपेननं लिहिलं होतं : ‘दासी क्र. २’.

टोप पिशवीत चुरगळेल म्हणून डोक्यावर चढवला, हेल्मेट हँडलला अडकवलं आणि बायकोच्या स्कूटीवरून फाटकात शिरलो, तर नवा वॉचमन अदबीनं म्हणाला, “मॅडम, गाडी तिकडं लावा.” मी लावली.

मग प्रास्ताविक. सिनेमा जिच्यावरून निघाला ती हॅल फॉस्टरची चित्रकथा १९३७ पासून रविवारच्या पानावर रंगीत येऊ लागली, तिच्यात संवादांचे फुगे नाहीत, सगळा मजकूर चित्राच्या खाली किंवा कडेला, त्यामुळे जंगलं, चिलखतं, तटबंद्या कशा ऐसपैस दिसतात, असं बरंच काही मी सांगत होतो. पण दर वाक्याला वाऱ्यानं दासीची एक बट तोंडात जायची आणि मी ती काढेपर्यंत पोरं समोशांपर्यंत पोचायची. (सिनेमातली माणसं मात्र फार बोलतात. बोलत नाहीत तेव्हाच तो चित्रकथेसारखा दिसतो.)

पडदा म्हणजे आमची डबलबेडची चादर. सिनेमा पडला सिनेमास्कोप, चादरीवर त्याची जेमतेम हातभर पट्टी उमटली आणि सरदार झुरळाएवढे दिसू लागले, म्हणून मी प्रोजेक्टरचा झूम वाढवत नेला, वाढवत नेला, तेव्हा कुठे वॅग्नर चादरीवर नीट मावला. जेम्स मेसन मीटरच्या पेटीवर गेला.

हा मेसन म्हणजे सर ब्रॅक, अर्थात काळा सरदार, कॅमलॉटच्या गादीवर डोळा ठेवून बसलेला. सगळ्या सिनेमात मन लावून दुष्टपणा करणारा तेवढा हाच! शेवटच्या द्वंद्वात व्हॅलची, म्हणजे वॅग्नरच्या राजपुत्राची, गाणारी तलवार चादरीवरून सुटे आणि मीटरवर आदळे, तिचा तो गुणगुणता आवाज निघाला की पहिल्या मजल्यावरचे आजोबा खिडकीतून ओरडत, “अरे, मीटर गुणगुणतोय, कुणीतरी मेन बंद करा!” एव्हाना पोरांनी खुर्च्या भिंतीकडे फिरवल्या होत्या. चादरीसमोर उरलो मी आणि टोप.

सिनेमा संपल्यावर तळमजल्यावरची चिमुरडी आली, माझ्याकडे निरखून बघत म्हणाली,

“काकू, तो मीटरवाला परत कधी येणार?”