द्या काय द्यायचं ते

पुण्यात वाडे पडून इमारती आल्या. लाकडी पट्टीवरून धावणाऱ्या वायरी भिंतीच्या पोटातल्या पाइपात गेल्या, चोक-स्टार्टरची नळी जाऊन एलईडी आली. वायरमन मात्र होता तसाच आहे. वरच्या खिशात टेस्टर, मागच्या खिशात पक्कड आणि फोनवर कायमचं उत्तर, "पाच मिनिटांत आलो काका!" हे तो सकाळी दहाला म्हणतो. दुपारी चारला दारात उभा राहतो तेव्हा उशीर झाल्याचा भाव चेहऱ्यावर शोधूनही सापडत नाही.

आल्या आल्या तो बोर्डाला हात लावत नाही. आधी लांबून पाहतो, मान हलवतो आणि विचारतो, "हे कोणी केलंय?" त्याच्या मजुरीचा मीटर इथून सुरू होतो.

"अरे, तूच केलंस की, मागच्या गणपतीत."

"मग माल लोकल असणार. माल तुम्हीच आणला होता ना?"

त्यानंतर तो स्टूल मागतो. मग जुनं फडकं, मोठा स्क्रू ड्रायव्हर, मोबाइलची बॅटरी आणि ती धरायला घरातला एक माणूस. निम्मं सामान आणि निम्मं मनुष्यबळ घरमालकाचं असतं, पण बिलातून त्याची वजावट होत नाही.

काम साधंच असतं. पंखा हळू फिरतो, म्हणजे कपॅसिटर गेलेला. दुकानात तो शंभराच्या आत मिळतो, बसवायला दहा मिनिटं लागतात. तरी किती होतील असं आधी विचारलं, तर तो म्हणतो, "बघू तरी आधी." आणि काम झाल्यावर विचारलं, तर खाली बघत, हात पुसत म्हणतो, "द्या काय द्यायचं ते."

चार शब्दांचं हे वाक्य भल्याभल्यांना घाम फोडतं. काका दोनशेची नोट पुढे करतात. वायरमन ती घेत नाही आणि नाकारतही नाही. तो नोटेकडे बघतो, मग भिंतीवरच्या पंचावन्न इंची टीव्हीकडे बघतो. काका आणखी पन्नास काढतात. तो एसीकडे बघतो. तिसऱ्या नोटेला व्यवहार मिटतो. मुळात त्याचा अंदाज उंबऱ्यातच झालेला असतो: इमारतीला लिफ्ट आहे का, चपलांच्या रॅकमध्ये बूट कसले आहेत, एसी किती आहेत. त्यामुळे तोच कपॅसिटर चाळीत एका भावाने फिरतो आणि बंगल्यात दुसऱ्या. रविवारचा भाव आणखी वेगळा असतो.

भावाला ऋतूही असतात. एप्रिल-मे एसीचे, तेव्हा पंख्याच्या गिऱ्हाईकाला कोणी विचारत नाही. जूनमध्ये पहिल्या पावसाने भिंतीत ओल उतरते, स्विचला हात लावला की मुंग्या येतात, आणि अख्खी पेठ एकदम फोन करते. गणपतीचे दहा दिवस तो मंडळाचा असतो. दिवाळीत माळा असतात. सुट्ट्या गिऱ्हाइकांचे राहिलेले फोन तुळशीच्या लग्नानंतर लागतात.

नव्या फ्लॅटची वायरिंग हा मात्र मोठा सामना. तिथे मजुरी पॉइंटवर ठरते. दिवा एक पॉइंट, पंखा एक, प्लग एक, इथवर एकमत असतं. मग बँकेतून निवृत्त झालेले काका वही घेऊन मोजतात, अडतीस भरतात. वायरमन तोंडी मोजतो, सेहेचाळीस भरतात. बेलचं बटण बाहेर आणि बेल आत, म्हणजे दोन. जिन्यातला दिवा एकच, पण खालून-वरून लागतो, म्हणजे दोन. गिझरचा सोळा अँपिअरचा पॉइंट साध्या दोनाच्या बरोबर. काकांनी आयुष्यभर ताळेबंद जुळवले, पण हा जुळत नाही. शेवटी "बेचाळीस धरा" असं ठरतं आणि आपणच जिंकलो, असं दोघांनाही वाटतं.

"माल तुमचा, मजुरी माझी" हे त्याचं ब्रीद. यादी तो कॅलेंडरच्या फाटक्या पानावर देतो, दुकानही तोच सांगतो. "माझं नाव सांगा," असं बजावतो. नाव सांगितल्यावर भाव का उतरत नाही, हे दुकानदाराला आणि त्याला ठाऊक असतं. दुकानदार विचारतो, "बिल पक्कं की कच्चं?" पक्क्यावर १८ टक्के जीएसटी. देशातल्या भ्रष्टाचारावर सोसायटीच्या बैठकीत बोलणारे काका आवाज खाली आणून कच्चं मागतात. वायरचं बंडल नव्वद मीटरचं असतं, त्यातलं उरलेलं कुठे जातं ते कळत नाही. भिंतीतून ओढून काढलेली जुनी वायर मात्र तो आपुलकीने गोळा करतो. "कचरा आहे काकू, जाताना टाकतो बाहेर." भंगारवाल्याकडे त्या कचऱ्यातलं तांबं किलोवर मोजलं जातं.

इथवर सगळी गंमत. पण एक जागा गमतीची नाही. ईएलसीबी नावाची पेटी सारखी पडते. वायरमन दोन पर्याय देतो. गळती शोधायची तर एकेक बोर्ड उघडावा लागेल, अर्धा दिवस जाईल, हजारभर होतील. नाहीतर शंभरात डायरेक्ट करून देतो. काका शंभर काढतात. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमध्ये तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की वीज तोडायची, एवढ्यासाठीच ती पेटी असते. अंगातून करंट गेला तर जीव वाचवणारी तीच, आणि आपण ती शंभर रुपये देऊन गप्प करतो. हे काम 'तात्पुरतं' असतं, म्हणजे पुढचं रंगकाम निघेपर्यंत.

त्याचा परवानाही कोणी विचारत नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, सरकार वायरमनला रीतसर परवाना देतं. पण मेथीची जुडी चार वेळा उलटीपालटी करणारं गिऱ्हाईक वायरमनला एकच प्रश्न विचारतं, "कमी किती करशील?"

आता ॲपवर गणवेशातला मुलगा मिळतो, दरपत्रकही छापील असतं. काका तेही बोलावून बघतात आणि हिरमुसतात, कारण घासाघिशीला जागाच नाही. शिवाय लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अर्धं घर अंधारात गेलं, तर नव्या शर्टात, दोन गल्ल्या ओलांडून येऊन स्टुलावर चढतो तो आपलाच. त्या दिवशी पैसेही घेत नाही. "असू द्या काका, सण आहे." ते जानेवारीत वसूल होतात, व्याजासकट.

खरं तर वायरमनचा भाव कुठे लिहिलेला नाही, कारण तो लिहिलेला कोणालाच नको आहे. त्याला वाढवायला जागा हवी, आपल्याला कापायला. तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी तो स्टुलावर चढण्याआधीच ठरवून घ्या: यायचे किती, पॉइंटला किती, भंगार कोणाचं. परवाना बघा. घासाघीस पंख्यावर करा, ईएलसीबी आणि अर्थिंगवर करू नका. आणि एवढं करून चांगला वायरमन मिळालाच, तर त्याचा नंबर शेजाऱ्यांना देऊ नका. तुमची पाच मिनिटं आणखी लांबतील.