एष्टु दिना?

आमच्या घरात ताप मोजायच्या तीन पद्धती आहेत. नाशिकची आई फोनवर आवाज ऐकून मोजते. बायको पालथा हात कपाळाला लावून मोजते. मी थर्मामीटर वापरतो. त्यामुळे माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

गेल्या पावसाळ्यात इथे म्हैसूरला मला कणकण आली. ९९.४. मी गोधडीत शिरून विम्याचे कागद कुठे आहेत ते सांगून टाकलं.

"१००.४ च्या पुढे ताप म्हणतात," बायको म्हणाली.

मी तिला वुंडरलिशची गोष्ट सांगितली. या जर्मन डॉक्टरने १८६८ मध्ये हजारो रोग्यांच्या नोंदींवरून ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, हा आकडा रूढ केला. त्याचं फूटभर थर्मामीटर काखेत बराच वेळ धरावं लागे.

"तोंडात धरायचं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

रात्री पारा खरंच १०२ वर गेला. डोळ्यांमागे ठणका, हाडं मोडल्यासारखी. खालच्या घरमालकीण अज्जींनी मेणसिन सारु, म्हणजे मिऱ्यांचं सार, पाठवलं. चौथ्या दिवशी सकाळी ९८.६! वुंडरलिशला हात जोडून मी म्हैसूरपाक मागवला. दात घासताना ब्रश लाल झाला, पोटही दुखत होतं. पण आकडा उत्तम होता.

अज्जींनी ब्रश पाहिला आणि रिक्षाच बोलावली.

"एष्टु दिना आयतु?" डॉक्टरांनी कानडीत विचारलं.

"नूर एरडु," मी सांगितलं. किती दिवस झाले याला 'एकशे दोन' हे उत्तर ऐकून त्यांचं पेन थांबलं.

डेंगी निघाला. यात ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जोखमीचे. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घ्यायचं नाही. म्हणजे ९९.४ ला मी मृत्युपत्र केलं आणि खऱ्या धोक्याच्या दिवशी मिठाई.

सलाइनवर दोन रात्री काढून परतलो. नोटांचा छापखाना असलेल्या मेटगळ्ळी भागात राहून थोडा पैसा आपल्याकडेही वळावा म्हणून खिडकीत मनीप्लांट लावला होता. त्याच्या बाटलीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

आता थर्मामीटर बायकोच्या ताब्यात आहे. मी कण्हलो की ती नाशिकच्या कानडीत विचारते, "एष्टु दिना?" दिवस वाढवून सांगायची सोय नाही, खाली अज्जी बोटं मोजत असतात.