गॅलरीत आंबा लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

गॅलरीत आंबा लावू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम हापूस हाच आंब्यांचा राजा, हे घरातल्या सर्वांसमक्ष मान्य करून टाकावे. वाद तिथेच मिटतो आणि दुसरी जात निवडायची मोकळीक मिळते. जातींची तुलना आपण नेहमी ताटात करतो; ड्रममध्ये करायची तर कसोट्या बदलतात. हापूसचे झाड ऐसपैस वाढते, एक वर्ष लगडते आणि पुढच्या वर्षी बहुधा रजेवर जाते. त्याला कोकणातली जांभ्याची जमीन आणि समुद्राकाठची हवा मानवते. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्याचा त्यात उल्लेख नाही. एवढे करून फळ धरलेच, तरी कापल्यावर साका निघणार नाही याची हमी खुद्द देवगडचा बागायतदारही देणार नाही.

तेव्हा लावावी आम्रपाली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून काढलेली ही जात १९७१ची. मुळातच ठेंगणी, दरवर्षी फळणारी, बागेत अडीच मीटरवर एक झाड लावले तरी कुरकुर न करणारी. फ्लॅटमध्ये राहायला याहून वेगळी पात्रता लागत नाही. ‘पण तिला हापूसचा वास कुठे?’ हा आक्षेप रास्त आहे. मात्र गॅलरीपुरती ही तुलना आम्रपालीचे फळ आणि हापूसची पाने यांच्यात असते, आणि पानांचा उपयोग तोरणापुरता. शिवाय आम्रपाली उशिरा पिकते. हापूस बाजारातून उठल्यावर शेजारी कोणाशी तुलना करणार? एवढ्यानेही ज्यांचा अभिमान शमत नाही, त्यांनी कोकण कृषी विद्यापीठाची रत्ना पाहावी. नीलमशी सोयरीक केलेला तो निम्मा हापूसच. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर होऊन आलेली सिंधू तर हिशेबाने बारा आणे हापूस, आणि तिची कोय इतकी पातळ की चोखणाऱ्यांची निराशाच व्हावी.

खाल्लेल्या आंब्याची कोय फुकट मिळत असता कलमाला पैसे का मोजावेत, असे काटकसरी मंडळी विचारतात. कोयीतून आईसारखे झाड येईलच असे नसते. बरीच वर्षे वाट पाहून हाती रायवळ लागण्याची शक्यता अधिक. कलम लावताना जोड मातीच्या वर ठेवावा आणि त्याखालून फुटणारा प्रत्येक धुमारा खुडावा. सगळ्यांत जोमाने वाढतो तो नेमका हाच, आणि ‘आंबा काय फोफावलाय!’ म्हणून कौतुकही त्याचेच होते. ड्रमला खाली भोके हवीत, ऊन निदान सहा तास हवे. पहिल्या दोन-तीन वर्षांचा मोहोर काढून टाकावा. घरच्यांचा विरोध होईल, म्हणून हे काम दुपारी सगळे झोपल्यावर उरकावे. पहिले फळ सोसायटीच्या सेक्रेटरींकडे पोचवावे. खालच्या मजल्यावर पाणी ठिबकण्याची तक्रार मग निदान पुढच्या बैठकीपर्यंत तरी लांबते.