पाव आटा

नागपूरजवळच्या वाडीत दिवसा कार्बोरेटर लावता येत नाही, हे भाऊंचं जुनं दुःख. अमरावती रोडवर ट्रकांची रीघ, गोदामांसमोर हॉर्न. त्या गदारोळात त्यांच्या प्रीमियर पद्मिनीचा ‘स्लो’ ऐकू येणार कसा? म्हणून ते पहाटे चारला बॉनेट उघडतात आणि गल्ली उठून बसते. “मिसिंग मारून राहिली ना बाप्पा!” मिक्श्चरचा स्क्रू पाव आटा बाहेर. कान देऊन ऐकायचं. पाव आटा आत.

आयुध निर्माणीतली नोकरी संपली, मोजमापाची खोड राहिली. अधूनमधून सोलेक्स कार्बोरेटर पुरता उतरतो आणि जेवणाच्या टेबलावर जेट, नीडल व्हॉल्व्ह, चोकची स्प्रिंग मांडली जाते. वहिनी ओट्याशी उभ्यानं जेवतात. चहाच्या पातेल्यातल्या गरम पाण्यात फ्लोट बुडवायचा. बुडबुडे आले की तो फुटका. जेटमध्ये तार घालणाऱ्या मिस्त्रीशी भाऊ बोलत नाहीत. तारेनं भोक मोठं होतं, गाडी पेट्रोल पिते. जेटला नुसती हवा मारायची. यात मात्र त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे.

माणसंही ते प्लगवरून ओळखतात. टोक कॉफीच्या रंगाचं हवं. काळं म्हणजे रिच, पांढरं म्हणजे लीन. पुतणीला आलेलं स्थळ त्यांनी एका वाक्यात मोडीत काढलं, “पोरगा लीन आहे, चढावर तापते.”

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली, लोक हळहळले. भाऊंनी विचारलं, “तिचा कार्बोरेटर कोणी नेला?” पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, जुन्या गाड्यांची रबरी वॉशरं, डायफ्रॅम त्यानं खराब होतात, म्हणून सगळे जुने गाडीवाले वैतागले. भाऊंचा चेहरा उजळला. कार्बोरेटरचं किट बदलायला आता सरकारी कारण मिळालं!

मे महिन्यात पेट्रोलची गाडीच्या पंपातच वाफ होते. त्यावर वहिनींचा टॉवेल ओला करून गुंडाळतात. तशा उन्हात एकदा गाडी कोंढाळीपर्यंत जाऊन आली, एक गचका नाही. परतीच्या वाटेवर भाऊ गप्प गप्प. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला बॉनेट उघडं. “जास्तच गुळगुळीत चालून राहिली,” म्हणाले, “काहीतरी गडबड आहे.”

तुमची गाडी इंजेक्शनवाली असेल, तर भाऊंच्या दारासमोर उभी करू नका. बॉनेट उघडून ते हळहळतात आणि चहा पाजल्याशिवाय तुम्हाला सोडत नाहीत.