गुंठामंत्री गोल्फ खेळतात

नांदे-म्हाळुंगे पट्ट्यात फ्लॅट बघायला गेलं की विक्रीखात्यातला टाय लावलेला मुलगा सगळी अंतरं मिनिटांत सांगतो. हिंजवडी इतकी, शाळा इतकी, गोल्फ कोर्स इतका. पाणी किती मिनिटांवर, हे तेवढं सांगत नाही. म्हाळुंगे आणि सूस 2021 साली पुणे महापालिकेत गेली, नांदे तेव्हा ग्रामपंचायतीतच राहिलं; टँकर मात्र दोन्हीकडे सारखीच वाट पाहायला लावतो.

गोल्फ म्हणजे बावधन-लवळ्याच्या डोंगरावरचं ऑक्सफर्ड रिसॉर्ट. आमच्या ओळखीचे आप्पा, म्हणजे गुंठे विकून गबर झालेले एक माजी गुंठामंत्री, हल्ली तिथे जातात. माजी एवढ्यासाठी की गुंठे संपले आणि मंत्रिपद ओघानंच गेलं. 2018 मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ सिनेमा आला तेव्हा सगळं गाव आप्पांकडे काळजीनं बघत होतं. पण आप्पा हुशार. गळ्यातली साखळी लॉकरमध्ये गेली आणि अंगात कॉलरवाला टीशर्ट आला, कारण गोल्फला पोशाखाचे नियम असतात. टोपी चालते. धोतर चालत नाही.

पहिल्या दिवशी आप्पा हबकले ते जागा बघून. 18 होलच्या मैदानाला सव्वाशे-दीडशे एकर सहज लागतात. म्हणजे पाच-सहा हजार गुंठे! आणि त्यावर पत्र्याचं शेड नाही, चहाची टपरी नाही, ‘सदर मिळकतीचा कोणीही व्यवहार करू नये’ असा फलक नाही.

“सातबारा कुणाच्या नावावर हाय रं?” त्यांनी कॅडीला विचारलं.

कॅडीला ‘सात’ एवढंच ऐकू गेलं. त्यानं सात नंबरची आयर्न हातात ठेवली.

खेळ मात्र आप्पांना पटकन जमला. इथे पंच नसतो, आपले फटके आपणच मोजायचे. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकून ज्यांनी भूकरमापकाची वाट पाहत केस पांढरे केले, त्यांना हे रामराज्यच वाटणार. उंच गवतात पडलेला चेंडू बुटाच्या टोकानं हळूच चार बोटं पुढे कसा सरकवावा, हेही कुणी शिकवावं लागलं नाही. ज्यानं आयुष्यभर भावकीचा बांध कोरला, त्याला चेंडूचं काय!

चेंडू तळ्यात गेला तर एक फटका दंड. तळी बघून आप्पांना जरा भरून आलं, पण पाण्याच्या बाबतीत मुळशी सोशिक आहे. 1921 साली सेनापती बापट आणि इथले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. धरण झालंच, आणि मुळेचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला वीज करायला गेलं. त्यापुढे दोन-चार तळी म्हणजे किरकोळ मामला. शिवाय पाण्याचा दंड सोसायटीतही भरावा लागतोच, तिथे त्याला मेंटेनन्स म्हणतात.

आप्पांना पटली नाही ती एकच गोष्ट. या खेळात जो कमी करतो तो जिंकतो. मजले, एफएसआय, पार्किंग, टक्केवारी, या तालुक्यात कमी करून कोण जिंकलंय? (राजकारणातही नाही, पण तो विषय निवडणुकीनंतर.) त्यांनी 45 ग्रॅमच्या चेंडूवर बैलाला आसूड ओढावा तसे फटके ओढले. कॅडी खालच्याच गावातला पोरगा, डोंगराचा उतार त्याला पायांनी पाठ. “आप्पा, हळू. तो आपला आपणच गडगडंल,” असं तो सांगत राहिला. आप्पांनी ऐकलं नाही. फुकटचा सल्ला त्यांनी वकिलाचासुद्धा कधी ऐकलेला नाही.

संध्याकाळी एकोणिसाव्या होलवर, म्हणजे बारमध्ये, स्कोअरकार्ड भरण्याचा कार्यक्रम झाला. कॅडीच्या हिशेबानं फटके झाले होते 118. आप्पांनी 97 लिहून झोकात सही ठोकली.

“आप्पा, एकवीस कमी पडत्यात,” कॅडी दबकत म्हणाला.

“मग?” आप्पा म्हणाले. “रेडी रेकनर आणि बाजारभाव कधी एक असतोय व्हय?”