आक्काचा नंबर

धरणगावात ब्रेसियर ही एकटीनं जाऊन घ्यायची वस्तू नाही. ती आक्का घेऊन देते.

आक्का कुणाची सख्खी आत्या असते, कुणाची शेजारीण, कुणाच्या आईची मैत्रीण. गल्लीत एक असतेच. पुरुष दुकानदाराच्या डोळ्याला डोळा भिडवून 'ते दाखवा' म्हणण्याची हिंमत तिच्याकडे असते, आणि ही हिंमत गावात फार थोड्या बायकांकडे असल्यामुळे तिला सवड मिळत नाही. वयात आलेली पोर, हळद लागायची नवरी, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, सगळ्यांना घेऊन तीच मॅचिंग सेंटरची पायरी चढते.

दुकानात फॉल, अस्तर, परकर, ब्लाऊजपीस सगळं समोर टांगलेलं असतं. 'ते' मात्र मागच्या फळीवर, खोक्यात. आक्का नंबर उच्चारते, दुकानदार भिंतीकडे तोंड करतो आणि तसंच उलट्या हातानं खोकं पुढे सरकवतो. पांढरा, काळा, स्किन, यापलीकडे रंग नाहीत. घालून बघायची सोय नाही. दुकानदार पट्टा दोन्ही हातांनी ताणून दाखवतो, तीच ट्रायल. मग जुना पेपर, त्यावर काळी पिशवी. मुंबई महापालिकेनं २०१३ साली दुकानाबाहेरच्या पुतळ्यांना अंतर्वस्त्रं घालू नयेत असा ठराव केला, तेव्हा आमच्या दुकानदारांना त्यातलं काहीच कळलं नाही. इथे पुतळा तर सोडाच, खोक्यावरच्या फोटोतल्या बाईचं तोंडही भिंतीकडेच असतं.

आता मुद्दा नंबराचा. ज्या पोरीसाठी घ्यायची ती शेजारीच उभी असते, पण तिला कुणी विचारत नाही. "पोर मन्ही शे, नंबर मी सांगस," असं म्हणून आक्का पोरीकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघते आणि आकडा सांगते. बरीच वर्षं मला वाटायचं, तिची नजर तयार आहे. नंतर लक्षात आलं की ती अंगाकडे बघतच नाही, गळ्याकडे बघते. मंगळसूत्र नसलं तर बत्तीस. असलं तर चौतीस. पहिलं बाळंतपण झालं की छत्तीस, दुसरं झालं की अडतीस. चाळीस हा सन्मान आहे, तो घरात सून आल्यावर मिळतो. लुकडीसुकडी सासू असली तरी आक्का तिला चाळीसच देते, कारण सुनेचा आणि सासूचा नंबर एक निघाला तर दोरीवर वाळत घालताना कुणाची कोणती ते कसं कळणार? (दोरीवर तरी ती परकराखाली लपवूनच वाळते, पण हा प्रश्न आक्काला विचारायचा नाही.)

आणि हे कुठे, तर धरणगावात. या गावात कापडाचा व्यापार इतका चालायचा की १६७४ साली इंग्रजांनी इथे वखार घातली होती. इथला कापसाचा व्यापारी बोंडातली रुई चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगतो. जळगावच्या सराफ्यात सोनं मिलिग्रॅमवर जातं. आक्का स्वतः ब्लाऊज शिवायला टाकते तेव्हा टेलरबाईला छाती, कंबर, मुंढा, दंड, पुढचा गळा, मागचा गळा अशी सगळी मापं दोनदोनदा घ्यायला लावते, आणि पाव इंच चुकला तर ब्लाऊज तोंडावर फेकून परत येते. वरच्या ब्लाऊजला एवढी मापं आणि आतलीला एक नजर. खरं तर आक्काच्या आईच्या चोळीला हा प्रश्नच नव्हता. पुढची गाठ बाई रोज सकाळी स्वतः मारायची, हवी तशी घट्ट, हवी तशी सैल. रेडिमेड हूक आला आणि गाठ मारायचं काम आक्काकडे गेलं.

नंबरापुढच्या अक्षराचं तिनं फारच सोपं करून टाकलं होतं. ए म्हणजे एक नंबर माल, बी म्हणजे दुय्यम. "आपल्याला बी नको, ए द्या," हे ती रुईची प्रत निवडावी तसं सांगायची, आणि गावातल्या सगळ्या लेकीसुना वर्षानुवर्षं एक नंबर मालात कोंबून बसल्या होत्या. १९३२ साली अमेरिकेतल्या कॅम्प कंपनीनं ए ते डी ही अक्षरं छातीच्या आकारमानासाठी काढली, ती मालाच्या प्रतीसाठी वापरली जातील अशी त्या कंपनीला शंकाही आली नसेल.

पोरी तक्रार करायच्या. खांद्यावर वळ पडतात, मागचा पट्टा वर चढतो, हात वर केला की सगळंच वर येतं. आक्काचं उत्तर ठरलेलं: "नवीन शे, ढिली व्हई जाई." आणि ती खरंच ढिली व्हायची. मग वळही जायचे आणि आधारही.

मग आक्काची भाची पुण्याहून आली. नुकतंच लग्न झालेली, म्हणजे आक्काच्या वहीत चौतीस. पुण्याच्या दुकानात एका बाईनं टेप लावून तिला बत्तीस डी सांगितलं होतं. आक्का हबकली. "डी? म्हंजे नापास?" आणि त्याहून वाईट बत्तीस. लग्न करून पोर खालच्या वर्गात ढकलली, हे तिला सहन होईना.

भाचीनं शिलाई मशीनच्या खणातला टेप काढला. छातीच्या खाली गोल, श्वास सोडून, ते पट्ट्याचं माप. मग छातीवरून गोल. पट्ट्याचा नंबर आणि छाती यांतल्या फरकावर अक्षर: एक इंच ए, दोन बी, तीन सी, चार डी. वजन खांद्यांनी नाही, खालच्या पट्ट्यानं उचलायचं, म्हणून पट्टा घट्ट हवा. काही कंपन्या खालच्या मापात चार-पाच इंच मिळवून नंबर देतात, काही न मिळवता, म्हणून एकीचा चौतीस दुसरीला होत नाही. आक्का सगळं ऐकत होती, पण टेपाकडे ती चोरून बघत होती. शेवटी दार लावून घेतलं. खाली पस्तीस, म्हणजे पट्टा छत्तीसचा. छातीवर बरोबर चाळीस.

"चाळीसच शे!" आक्का विजयानं ओरडली. चाळीस बरोबर होतं, फक्त जागा चुकली होती. छत्तीस डी जळगावहून मागवावी लागली, कारण आमच्या दुकानदारानं डी कधी पाहिलीच नव्हती. ती घातल्यावर आक्का आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिनं ब्लाऊज चढवला आणि खरी आपत्ती पुढे आली. सगळ्या ब्लाऊजचे टक्स जुन्या ठिकाणाच्या हिशोबानं घातलेले. आता टक्स खाली आणि छाती वर. टेलरबाईकडे गठ्ठा घेऊन गेली तेव्हा तिनं विचारलं, "आक्का, काय झालं वं?" आक्का म्हणाली, "वय कमी व्हई ऱ्हायनं." भाचीनं न विचारता केलेल्या समाजसेवेचं शिलाईचं बिल आक्कानं बराच काळ ऐकवलं, आणि ते बरोबरच होतं, असं मला वाटतं.

लेबल मात्र तिनं कात्रीनं कापून टाकलं. कुणी विचारलं तर चाळीस.

पुढच्या लग्नसराईत ती एका नवरीला घेऊन दुकानात निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत टेप होता. घरी माप घेऊन झालं होतं. बत्तीस सी. दुकानदार भिंतीकडे वळला आणि आक्कानं आकडा सांगितला, "चौतीस बी."

मी तिचा पदर ओढला. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी भरमांडवात उलटं बोलले. भाचीनं जाताजाता सांगितलेलं तिनं नेमकं लक्षात ठेवलं होतं: बत्तीस सी आणि चौतीस बी, वाटी दोन्हींची सारखीच, फरक पट्ट्याचा.

"सासरी चालनी ना पोर," ती कुजबुजली, "बत्तीसवर कशी धाडू?" आणि नवरीच्या कानाशी लागून म्हणाली, "हूक आतला लावजो."