काळ्याला सगळं माफ

गेल्या रविवारी दुपारी मी डोंबिवलीला बहिणीच्या बाथरूममध्ये हातमोजे घालून उभी होते. समोर स्टुलावर १९ वर्षांची भाची, अंगात जुना गाऊन, कानांच्या पाळ्यांना आणि कपाळाच्या कडेला व्हॅसलीन चोपडलेलं. "मावशी, मागचं तू लाव, मला दिसत नाही," म्हणून तिने मला बोलावून घेतलं होतं. ताई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. पोरगी केस निळे करतेय, लोक काय म्हणतील, आणि ती केमिकलं डोक्यात जाऊन काय होईल, हे सगळं ती भांड्यांकरवी सांगत होती.

त्याच बाथरूममध्ये आरशामागच्या कप्प्यात भाऊजींच्या काळ्या कलपाची पाकिटं ठेवलेली असतात. वर्षानुवर्षं असतात. त्यांच्यासाठी या घरात एकही भांडं आपटलेलं नाही.

मला राग येतो तो याचा. केमिकलची काळजी असेल तर ती आधी काळ्याची करा. बहुतेक काळ्या कलपात पॅराफेनिलिनडायअमिन असतं; सगळे त्याला पीपीडी म्हणतात. त्याचे बारीक रेणू केसाच्या आत शिरतात, सोबतच्या पेरॉक्साइडमुळे एकमेकांशी जुळून मोठे होतात आणि मग त्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणून कलप धुऊन जात नाही. त्वचेला उलटणाऱ्या पदार्थांत या पीपीडीचं नाव फार वरचं आहे. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २००६ साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जन' ठरवलं होतं. आणि 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या कितीतरी पाकिटांतही हेच असतं. नावात मेंदी आहे म्हणून आपण निर्धास्त.

आमच्या बाबांनी कित्येक वर्षं एकच कलप लावला. काही झालं नाही. मग एका सकाळी उठले तेव्हा दोन्ही डोळे सुजून मिटलेले, कानांमागे कातडी ओली, कपाळावर पुरळ. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कलप कधी लावलात?" पीपीडीचं असंच असतं. आजवर चाललं म्हणून उद्या चालेल याची खात्री नाही, आणि एकदा शरीराने ते ओळखलं की पुढच्या प्रत्येक वेळी उलटतं. हे ताईने माझ्याइतकंच जवळून पाहिलंय. तरी भांडी वाजतात ती निळ्यासाठी.

मग राहतं ते 'लोक काय म्हणतील'. लोकांनी आजवर रंगीत केस पाहिलेच नाहीत की काय? लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवलेली मेंदी लावून भांगाशी नारिंगी झालेल्या काकू प्रत्येक चाळीत होत्या. मेंदीने केशरी केलेल्या दाढीचे आजोबा बाजारात रोज भेटतात. पांढऱ्या केसावर मेंदी नारिंगीच चढते. तो रंग कुणाला उठवळ वाटला नाही, कारण तो म्हातारपणाचा होता. वय लपवायला रंग चालतो, वय मिरवायला चालत नाही. हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत, असं मुलांना ऐकवायचं आणि तेच केस काळे करायचे. खुशाल करा, डोकं तुमचं आहे. तसंच तिचं डोकं तिचं आहे.

आता निळ्याबद्दल खरं तेही सांगते, नाहीतर भाचीची वकिली अर्धी राहील. निळा रंग स्वतः बराचसा सौम्य असतो. तो तयार रंगच असतो, पेरॉक्साइडशिवाय केसावर बसतो आणि काही आठवड्यांत धुण्यागणिक उतरतो. पॅच टेस्ट त्याचीही करायचीच. पण खरी जोखीम आहे त्याच्या आधीच्या ब्लीचमध्ये. आपल्या काळ्या केसावर निळा दिसतच नाही. आधी केसातला मूळ रंग, मेलॅनिन, काढावा लागतो. ते काम पर्सल्फेटची पावडर आणि पेरॉक्साइड करतात. त्यात केस सच्छिद्र होतो, कमजोर होतो. पावडर छातीत गेली तर खोकला काढते, म्हणून खिडकी उघडी हवी. जास्त वेळ ठेवलं तर टाळू भाजते.

आणि इथेच घरच्या घरी करणाऱ्या मुली फसतात. घाईने ४० वॉल्यूमची, म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइडची बाटली आणतात. आम्ही २० वॉल्यूमची घेतली, ६ टक्क्यांची. भाचीने आदल्या रात्री डोक्याला खोबरेल तेल लावलं होतं. ते केसाच्या आत जातं आणि प्रथिनांची झीज कमी करतं. वाटी प्लास्टिकची, धातूची अजिबात नाही. पाकिटातली मेंदी तिने कधी लावली नाही ना, हे मी दोनदा विचारून घेतलं. काही पाकिटांत धातूचे क्षार असतात आणि त्यांच्यावर ब्लीच पडलं की केस तापून तुटतात. आठवडाभर आधी कानामागची एक बारीक बट करून पाहिली होती. सगळं डोकं नाही, फक्त मानेवरचा आतला थर घेतला. तिथेही मुळांना सगळ्यात शेवटी लावलं, कारण टाळूच्या उबेने मुळांशी रंग भराभर उतरतो आणि मग मुळं पिवळी, मधला भाग विटकरी असं दोनरंगी होऊन बसतं.

दर पाच मिनिटांनी मी एक बट पुसून उजेडात धरत होते. आधी ती विटकरी झाली, मग भट्टीतल्या निखाऱ्यासारखी नारिंगी. भाची म्हणाली, "बास, आता निळा लावू." मी नाही म्हटलं. नारिंगीवर निळा लावला की राख कालवल्यासारखा मळकट रंग येतो, पिवळ्यावर लावला की हिरवा. निळा निळाच हवा असेल तर केस केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतका फिकट व्हायला हवा, आणि आपले केस एका बैठकीत तिथवर जात नाहीत. नेले तर हातात येतात. तिने तोंड पाडलं, पण ऐकलं. दोन आठवडे ती नारिंगी बटा घेऊन कॉलेजला जाईल आणि तेवढ्या दिवसांत कंडिशनर लावायला शिकेल.

मी हे ताईला सांगायला गेले. तिने आत येऊन ती ओली नारिंगी बट बोटांवर घेतली, ओढून पाहिली, आणि म्हणाली, "माझ्या आजेसासूबाईंचे अगदी असेच होते." मग थोडं थांबून विचारलं, "बाबांना झालं तसं हिला होणार नाही ना?" हा प्रश्न तिने आधी विचारला असता तर भांडी वाचली असती. मी तिला भाचीच्या दंडाच्या आतला डाग दाखवला. शुक्रवारी तिथे ठिपकाभर निळा रंग लावून ठेवला होता, ४८ तासांनंतरही ना खाज, ना पुरळ.

ताईने आरशामागचा कप्पा उघडून कलपाचं एक पाकीट काढलं. मागची बारीक अक्षरं वाचता येईनात म्हणून भाचीने तिला मोबाईलवर मोठी करून दाखवली. तिथेही ४८ तासच लिहिलेले होते.

संध्याकाळी भाऊजी कलप लावायला बसले, तेव्हा भाचीने त्यांच्या हातून ब्रश काढून घेतला आणि कानामागे एकच ठिपका लावला. मंगळवार संध्याकाळपर्यंत तिथे साबण लावायचा नाही, असं तिने त्यांना बजावलंय. सोमवारी ते ऑफिसला पांढऱ्या मुळांनी गेले.